लाल झालेले विमान

वार्षिकांकासाठी लेख मागविणारी सूचना फलकावर लागली, तेव्हा माझ्या मैत्रिणींनी आपापले विषय तिथल्या तिथे ठरवून टाकले. कुणी नवेगावबांधच्या पक्ष्यांवर लिहिणार होती, कुणी आपल्या आजीवर, तर कुणी झाडीपट्टीच्या नाटकांवर. माझ्या मनात मात्र एकच विषय घोळत होता आणि तो सांगायची लाज वाटत होती. विषय होता टीव्हीवर खेळायचा एक खेळ. आमच्या घरी त्याला ‘माश्यांचा गेम’ म्हणतात. माश्या मारणे म्हणजे आपल्या भाषेत रिकामटेकडेपणा. तेव्हा माश्या मारण्यावर लेख लिहिला तर प्राध्यापक मंडळी काय म्हणतील, हा विचार मनात आलाच. पण दुसरे काही लिहायला बसले की पेन पुढे सरकेना. शेवटी दादाला विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “लिही. माह्यं नाव नको घालू, बस.” म्हणून हा लेख.

माझ्या बाबांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे लहानसे दुकान हमरस्त्याला लागून आहे. नागपूरकडून रायपूरकडे जाणारा हा रस्ता. पूर्वी त्याचा क्रमांक सहा होता, आता त्रेपन्न झाला आहे. देवरीला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर आमगाव गाठावे लागते. त्यामुळे आमच्या गावात नवे म्हणून जे काही येते ते या रस्त्यानेच येते, आणि बहुधा जगात जुने झाल्यावरच येते. १९९८ साली कुणी एक गिऱ्हाईक एक टीव्ही गेम बाबांकडे दुरुस्तीला टाकून गेले. पांढऱ्या प्लास्टिकचा डबा, दोन वायरींना लटकणारे दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. बाबांनी आठवड्याभरात तो दुरुस्त केला, त्यावर नावाची चिठ्ठी चिकटविली आणि फळीवर ठेवून दिला. ते गिऱ्हाईक काही परत आले नाही. एक वर्ष गेले, पाच गेली, बारा गेली. फळीवरच्या इतर वस्तू बदलल्या, पण तो डबा तिथेच होता. “दुसऱ्याची वस्तू आहे,” एवढेच बाबा म्हणायचे.

२०१० साली दादाने हट्टच धरला. तो तेव्हा आठ वर्षांचा होता, मी पाच. बाबांनी डबा घरी आणला, पण एक अट घालून. “माणूस आला तर परत द्यायचा. तोडफोड चालणार नाही.” ती चिठ्ठी त्यांनी काढली नाही. आजही ती डब्याच्या तळाशी आहे. शाई उडाली आहे, नाव वाचता येत नाही.

आमचा टीव्ही तेव्हा पेटीसारखा जाड होता. वायर जोडून चॅनेल शोधायचे. आधी नुसत्या मुंग्या दिसायच्या, मग एकदम काळे आकाश आणि त्यात सरकणारे तारे. कॅसेट लागली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची. त्याने काय होते ते बाबांनाही ठाऊक नव्हते. पण फुंकर मारल्याशिवाय दादा कॅसेट लावत नसे. भारनियमनाचे दिवस होते. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून एका डावात जितके खेळता येईल तितके खेळून घ्यायचे.

त्या डब्याची एक खोड आमच्या लवकरच लक्षात आली. पहिल्या रिमोटला ‘स्टार्ट’चे बटण होते, दुसऱ्याला नव्हतेच. पहिला रिमोट अर्थातच दादाचा. तो सुरू करणार, तो आधी खेळणार, त्याचे विमान पडले की मग माझी पाळी. म्हणजे दादा मरण्याची वाट पाहत बसणे हेच माझे काम! मी रडून बाबांकडे गेले. माझ्याही रिमोटला तसेच बटण लावून द्या म्हटले. बाबांनी रिमोट उघडून दाखविला आणि म्हणाले, “बटण लावून देईन बाई; पण त्याने काही होणार नाही. सुरू करायचे असले की मशीन पहिल्याच भोकाकडे पाहते. दुसऱ्या भोकातून कितीही सांगितले तरी ते ऐकत नाही.” पाच वर्षांच्या मुलीला त्यातले काय कळणार? पण वाक्य लक्षात राहिले.

या खेळाचे खरे नाव ‘गॅलागा’. ते मला पुष्कळ वर्षांनी कळले. कॉलेजात आल्यावर मी त्याची माहिती शोधून काढली. ती थोडक्यात सांगते, कारण आमच्या घरातल्या त्या डब्यामागे केवढा प्रवास होता हे मला त्यानंतरच उमगले.

१९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो या गृहस्थांनी ताइतो कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नावाचा खेळ तयार केला. कपाटाएवढे यंत्र, त्यात पडदा, नाणे टाकायचे आणि खेळायचे. वरून परग्रहावरच्या प्राण्यांची फौज एकेक पायरी खाली उतरते आणि खालून आपण एकटे गोळ्या झाडतो. पाच रांगा, प्रत्येकीत अकरा, असे पंचावन्न शत्रू. यात एक मौज अशी की शत्रू कमी होत जातात तसा त्यांचा वेग वाढत जातो. ही युक्ती आधीपासून ठरविलेली नव्हती. यंत्राची ताकद मुळात कमी. पंचावन्न चित्रे हलवताना ते दमायचे, आणि चित्रे कमी झाली की झपाझप हलवायचे. निशिकादो यांनी तो दोष काढून टाकला नाही, त्यालाच खेळात सामावून घेतले. यंत्राची उणीव हाच खेळाचा प्राण झाला.

पुढे १९७९ साली नामको कंपनीचा ‘गॅलॅक्सियन’ आला. त्यात शत्रू रंगीत झाले आणि रांग सोडून अंगावर झेपावू लागले. आणि १९८१ साली त्याच कंपनीचा ‘गॅलागा’ आला. शिगेरू योकोयामा हे त्याचे रचनाकार. यात एका फळीत चाळीस शत्रू असतात: वीस माश्या, सोळा फुलपाखरे आणि सगळ्यांत वर चार मोठे सरदार. सरदाराला एका गोळीने काही होत नाही. पहिल्या गोळीने त्याचा नुसता रंग बदलतो, दुसरीने तो मरतो.

कपाटाएवढे यंत्र घरी कोण आणणार? म्हणून अशा खेळांच्या घरगुती आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेत अटारी कंपनीने १९८० साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घरच्या टीव्हीवर आणला, तेव्हा पंचावन्न शत्रूंचे छत्तीसच उरले. त्या लहान यंत्रात अधिक मावत नव्हते. तरी लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. जपानमध्ये १९८३ साली निन्तेन्दो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे घरगुती यंत्र निघाले आणि १९८५ साली ‘गॅलागा’ त्यावर आला. मूळ यंत्राचा पडदा उभा, घरचा टीव्ही आडवा. मग करायचे काय? आकाश थोडे अरुंद केले आणि उजवीकडच्या मोकळ्या पट्टीत गुणांचे आकडे मांडले. त्या फॅमिकॉमच्याही दुसऱ्या रिमोटला स्टार्टचे बटण नव्हते. पुढे त्या यंत्राच्या असंख्य नकला झाल्या. १९९० नंतरच्या काळात त्या भारतभर विकल्या गेल्या. अशीच एक नक्कल या हमरस्त्याने देवरीला आली आणि बाबांच्या फळीवर बारा वर्षे बसून राहिली. म्हणजे आमच्याकडे जे होते ते घरगुती आवृत्तीची नक्कल! पण त्या आकाशाला काही कमी आहे असे आम्हाला कधी वाटले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगितले ती गोष्ट.

गॅलागात एक प्रकार असा आहे, जो त्याआधीच्या त्या दोन खेळांत नाही. वरचा सरदार कधी कधी सरळ खाली येतो, मध्येच थांबतो आणि निळसर प्रकाशाचा झोत खाली सोडतो. आपले विमान त्या झोतात सापडले की ते गरगर फिरत वर ओढले जाते. ते फुटत नाही. सरदार त्याला आपल्याबरोबर रांगेत घेऊन जातो. आपले विमान पांढरे असते, पकडले गेले की ते लाल होते. मग आपल्याजवळ दुसरे विमान शिल्लक असेल तर खेळ पुढे चालतो, आणि वर शत्रूच्या रांगेत आपलेच लाल झालेले विमान उभे दिसते.

त्याला सोडवता येते. तो सरदार त्या विमानाला घेऊन खाली झेपावला की नेमका त्याच वेळी सरदाराला टिपायचा. मग लाल विमान पुन्हा पांढरे होऊन खाली येते आणि आपल्या विमानाला चिकटून उभे राहते. दोन विमाने, दोन गोळ्या! पण यात तीन धोके आहेत. सरदार रांगेत उभा असतानाच घाई करून मारला, तर विमान सुटत नाही. उलट तेच आपल्यावर चाल करून येते. दुसरा धोका असा की हातात शेवटचेच विमान असले आणि तेच पकडले गेले, तर खेळ तिथेच संपतो. आणि तिसरा, सगळ्यांत वाईट. नेम जरा चुकला, तर आपलीच गोळी आपल्याच विमानाला लागते आणि ते कायमचे जाते.

दादाला हे सगळे पक्के जमायचे. तो पहिल्याच फळीत मुद्दाम एक विमान पकडू द्यायचा आणि लगेच सोडवून आणायचा. मला ते पाहवत नसे. माझे विमान झोतात सापडू नये म्हणून मी कोपऱ्यात पळायची. एकदा पळता पळता सापडलेच. सोडवायला गेले आणि घाईने तीन-चार गोळ्या झाडल्या. त्यांतली एक लाल विमानाला लागली. ते फुटले. दादा पोट धरून हसला. “आपल्याच मानसाले मारलंस न वं!” मी रिमोट फेकला आणि आईच्या कुशीत जाऊन रडले. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खोटे वाटेल, पण खरे आहे.

वर्षे गेली. डबा पलंगाखाली गेला. २०१८ साली दादा दहावी झाला आणि पॉलिटेक्निकसाठी नागपूरला गेला. दोन वर्षे बरी गेली. २०२० साली कोरोना आला, वसतिगृह बंद झाले आणि तो घरी परतला. वर्ग मोबाइलवर सुरू झाले. शेजारच्या खोलीत तासन्तास त्याच्या मोबाइलचा उजेड दिसायचा. आम्हाला वाटायचे, अभ्यास चालला आहे. तेव्हा कोण्या मित्राने त्याला पैसे लावून खेळायचा एक खेळ दाखविला होता. आधी शंभर रुपये लावले, दोनशे मिळाले. मग पाचशे. नंतरचे मी सांगायला नको. पदविका अर्धवट राहिली. ‘दोन विषय राहिले आहेत’ असे तो म्हणत राहिला आणि आम्ही ऐकत राहिलो.

आमची दोन एकर धानाची शेती आहे. धान विकून आलेले पैसे बाबांच्या खात्यात जमा होत. पण मोबाइलवरून पैसे पाठविणे, बिले भरणे हे सारे दादाच करी. बाबा म्हणजे जुन्या मशीनचे माणूस! टीव्हीच्या पोटातली तार न् तार त्यांना कळते, पण मोबाइलवरचे आकडे ते मुलाच्या भरवशावर सोडून देत.

मे २०२३ मध्ये माझा बारावीचा निकाल लागला. गुण चांगले होते. नागपूरला जाऊन बी.एस्सी. करायचे, संगणक हा विषय घ्यायचा, असे मी केव्हाच ठरविले होते. बाबांनीही ते मान्य केले होते आणि त्यासाठी पैसे बाजूला ठेवले होते. प्रवेशाचे पैसे काढायला आम्ही दोघे बँकेत गेलो. खात्यात बाराशे रुपये होते. ब्याण्णव हजार चार महिन्यांत गेले होते. बाबांनी पासबुक दोनदा उलटसुलट करून पाहिले. काही बोलले नाहीत. बँकेच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधार द्यायला की घ्यायला, मला कळले नाही.

त्या संध्याकाळी घरात जे झाले ते सगळे लिहिणार नाही. आई रडत होती. बाबा गप्प होते. दादा भिंतीला टेकून खाली मान घालून बसला होता. बोलत होते ती मी एकटी. अठरा वर्षांच्या आयुष्यात कधी बोलले नव्हते इतके मी बोलले. लहानपणापासून आधी तू, मग मी. तू नागपूरला गेलास, माझ्या पाळीला काही उरलेच नाही. हे सगळे खरेच होते. पण त्यानंतर मी एक वाक्य बोलले. “तू मेला असतास तर बरे झाले असते.”

तो उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. मिरगाचा पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. रात्री दहा झाले, अकरा झाले. त्याचा मोबाइल घरातच होता. बाबा बॅटरी घेऊन सायकलवर निघाले. आई दारात बसली. मी आत, दिवा न लावता. रस्त्यावरून ट्रक जाताना खिडकीच्या काचा थरथरत. प्रत्येक ट्रकाचा आवाज मला वेगळाच वाटत होता. बाबा तळ्याची पाळ पाहून आले, शेतावर जाऊन आले. त्या रात्री मला लहानपणीचे ते फुटलेले विमान आठवले. आठवायला नको होते, पण तेच आठवले.

पहाटे साडेचारला दादा बसस्थानकाच्या बाकावर सापडला. ओल्या कपड्यांनी बसून होता. बाबांनी त्याला सायकलवर पुढे बसविले आणि घरी आणले, जणू तो दहा वर्षांचा आहे. “कोठी गेला होतास?” आईने विचारले. तो म्हणाला, “कोठीच नाही. गाड्या पायत होतो.”

मी सुटकेचा श्वास टाकला, पण त्याच्याशी बोलू शकले नाही. आधी राग होता म्हणून बोलले नाही. आता लाज होती म्हणून. मी आपल्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातले. दादाचा मोबाइल बाबांनी काढून घेतला आणि त्याला साधा बटणांचा फोन दिला. गोंदियाला डॉक्टरांकडे दोघे महिन्यातून एकदा जाऊन येत. डॉक्टरांनी सांगितले की हे व्यसनच आहे. दारूला जसा वेळ लागतो तसाच याला लागेल, त्याला एकटे सोडू नका आणि टोचून बोलू नका. दादा दुकानात बाबांच्या शेजारी बसू लागला. मित्रांकडूनही त्याने तीस हजार उसने घेतले होते, ते फेडू लागला. मी त्याला ताट वाढायची, पाणी द्यायची. पण शब्द नाही. जून, जुलै, ऑगस्ट… पाच महिने गेले.

दिवाळी आली. भाऊबीजेला मी त्याला ओवाळले. त्याने ताटात पन्नास रुपयांची नोट टाकली. दुकानात काम करून मिळालेली, चुरगळलेली. मी खाली पाहून नमस्कार केला. तेव्हाही बोलले नाही.

आपल्याकडे भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरतात, हे वाचकांना सांगायला नको. त्या रात्री जवळच्या गावी मंडई होती, दंडार होती. आळीतले सगळे गेले. बाबांना ताप होता म्हणून आम्ही घरीच राहिलो. जेवणे झाली. बाबा खाटेवर पडून होते, आई त्यांच्या पायथ्याशी. तेवढ्यात दादाने पलंगाखालून तो डबा ओढून काढला. वायर उंदराने कुरतडली होती. त्याने तिथेच बसून ती सोलली, जोडली, डाग दिला. जुना पेटीसारखा टीव्ही दुकानातून आणून ठेवलाच होता. मुंग्या आल्या, मग तारे आले.

मी सवयीने दुसरा रिमोट उचलला. त्याने तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि पहिला दिला. “तू सुरू कर,” तो म्हणाला.

तेरा वर्षांत मी पहिल्यांदा ते बटण दाबले.

माश्या आल्या, फुलपाखरे आली, सरदार रांगेत जाऊन बसले. हात विसरले नव्हते. थोड्या वेळाने एक सरदार खाली आला आणि त्याने झोत सोडला. मी नेहमीप्रमाणे कोपऱ्याकडे पळाले. दादा शेजारी बसून शांतपणे म्हणाला, “पळू नको. घेऊ दे त्याले. आपल्या हाती अजून दोन आहेत.” मी थांबले. विमान गरगरत वर गेले आणि लाल झाले.

आता ते वर रांगेत उभे होते. माझे हात थरथरू लागले. मी गोळीच झाडेना. सरदार एकदा विमानासह खाली आला आणि तसाच गेला. दुसऱ्यांदा आला, मी झाडली, ती बाजूने गेली. दादा आणखी हळू आवाजात म्हणाला, “लाल्याकडे पाहू नको. सरदाराकडे पाय. ज्याने धरलं त्याले मारायचं.”

खरे सांगते, त्या वाक्याने मला जे कळले ते पाच महिन्यांत कळले नव्हते. माझा राग खोटा नव्हता. माझे नागपूर गेले ते गेलेच. पण मी गोळी झाडली होती ती धरणाऱ्यावर नव्हे, धरलेल्यावर. तो शत्रूच्या रांगेत उभा होता, शत्रूच्या रंगाचा दिसत होता, म्हणून मी त्याला शत्रू समजले. आणि माझा नेम थोडक्यात चुकला, म्हणूनच तो आज माझ्याशेजारी बसून बोलत होता.

तिसऱ्यांदा सरदार खाली आला. पहिल्या गोळीने त्याचा रंग बदलला, दुसरीने तो फुटला. लाल विमान फिरत फिरत पांढरे झाले आणि खाली येऊन माझ्या विमानाला लागून उभे राहिले.

“आलं,” मी म्हणाले. पाच महिन्यांनंतर मी त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

“होय,” दादा म्हणाला. “पण आता सांभाळ. दोघं झाले का रुंदी वाढते. लवकर लागते.”

खाटेवरून बाबांचा खोकल्यासारखा आवाज आला. ते जागे होते.

डाव संपला तेव्हा पडद्यावर नेहमीप्रमाणे हिशेब आला. या खेळाची ही एक चांगली रीत आहे. किती गोळ्या झाडल्या, किती लागल्या, शेकडा प्रमाण किती, हे तो शेवटी स्पष्ट मांडतो. मी दोनशे बारा झाडल्या होत्या, सत्त्याण्णव लागल्या होत्या. शंभरावर वाया. दादा त्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “त्या मोबाइलवाल्यात हे नव्हतं. त्यात खेळ संपलाच असं कधी येत नव्हतं.” मला वाटते, दोन्हींतला खरा फरक त्याने एवढ्या शब्दांत सांगितला. नाण्याचे यंत्र एका नाण्याला एक डाव देत असे आणि डाव संपला की तसे तोंडावर सांगत असे. ‘संपला’ हा शब्दही एक दयाच आहे. माणसाला उठून घरी जाता येते. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. बाबांनी वर्तमानपत्रातले ते कात्रण कापून दुकानाच्या भिंतीवर लावले. दादा म्हणाला, “माह्यासाठी उशीर झाला.” बाबा म्हणाले, “दुसऱ्या कोणासाठी नसंल झाला.”

सगळे चांगले झाले, असे लिहून लेख संपवता आला असता तर मलाही आवडले असते. पण तसे नाही. मागच्या वर्षी दादाने एका मित्राचा मोबाइल घेऊन पुन्हा दोनशे रुपये लावले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच येऊन सांगितले. बाबांनी ऐकून घेतले आणि दोघे गोंदियाला जाऊन आले. मीही संतापले, पण या वेळी गोळी झाडण्यापूर्वी क्षणभर थांबले. कधी कधी अजून रात्री नागपूरचा विचार येतो आणि डोळे भरतात. तेव्हा मी दादाला काही सांगत नाही, आणि तोही विचारत नाही. दोन विमाने जवळ उभी राहिली म्हणजे त्यांच्यात अंतर नसतेच, असे नाही.

मी आता बी.ए. तृतीय वर्षाला आहे. ग्रंथालयातल्या संगणकावर रोज तासभर बसते. जे शिकायला नागपूरला जाणार होते त्यातले थोडे थोडे शिकते आहे. छत्तीस शत्रूंचा का होईना, खेळ खेळच असतो. पहिल्या भोकात वायर आपली आपणच लावावी लागते, एवढे मात्र मला कळले आहे.

डबा पुन्हा पलंगाखाली आहे. तळाशी ती चिठ्ठी तशीच आहे. ते गिऱ्हाईक आजवर आलेले नाही. आले तर बाबांच्या शब्दाप्रमाणे आम्ही वस्तू परत देऊ. दुरुस्तीचे पैसे घेणार नाही, असे बाबा म्हणतात. उलट इतक्या वर्षांचे भाडे किती झाले, ते आम्हीच त्यांना विचारणार आहोत.